बेटी लाव्हेटचा कव्हर अल्बम: मूळ गाणी आधी ऐकावीत का?

सूरवेडी:
अमेरिकन सोल संगीतातलं अरीथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग बरंच ऐकून झालंय. आता एकाने सोल गायिका बेटी लाव्हेटचा 'आयव्ह गॉट माय ओन हेल टू रेज' (२००५) सुचवलाय, पण बघितलं तर दहाच्या दहा गाणी दुसऱ्यांची. कव्हर अल्बम म्हटलं की मला धास्तीच वाटते, नवं काही सुचेना की असं करतात असं वाटतं. मूळ गाणी आधी ऐकू की डायरेक्ट हाच लावू?

रात्रपाळी:
डायरेक्ट लाव, आणि हेडफोनवर. पहिलंच गाणं आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरचं, एकही वाद्य नाही, नुसता आवाज. शिनेडनेही १९९० मध्ये बिनवाद्यांचंच गायलंय पण तिचं प्रार्थनेसारखं वाटतं, आणि बेटीचा आवाज फाटका, खरखरीत, सगळं भोगून झालेल्या बाईचा. आणि भोगलंयच तिने. डेट्रॉईटमध्ये वाढली, १९६२ ला सोळाव्या वर्षी पहिलं रेकॉर्ड, ते चाललंही. मग १९७२ ला अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने अलाबामातल्या मसल शोल्स गावी अख्खा अल्बम रेकॉर्ड करून घेतला आणि रिलीजच केला नाही!! तो बाहेर आला थेट २००० मध्ये, तोही फ्रान्समधून. आता 'जॉय' ऐक. ल्युसिंडा विल्यम्सच्या मूळ गाण्यातली बाई हरवलेला आनंद शोधत वेस्ट मेम्फिसला, स्लायडेलला जाते, बेटीने ती गावं काढून डेट्रॉईट आणि मसल शोल्स घातलीत. म्हणजे जिथे तिचं करिअर अडकलं तिथेच ती आनंद शोधायला निघालीय. मला तरी ते आता तिचंच गाणं वाटतं.

तिरकिट:
पण गावं बदललीत हे कळायला मूळ माहीत नको का? एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकली की मगच कळतं कुणी काय केलं. सगळी नको, पण डॉली पार्टनचं 'लिटल स्पॅरो' आणि फियोना ॲपलचं 'स्लीप टू ड्रीम' तरी आधी ऐक. अल्बमचं नाव त्या फियोनाच्याच गाण्यातल्या ओळीवरून घेतलंय. फियोनाचं रेकॉर्ड १९९६ चं, तेव्हा ती विशीतही नव्हती, आणि तोच संताप इथे साठीला टेकलेली बाई गाते, तेव्हा त्याचं वजनच वेगळं होतं. गाणी पण मुद्दाम बायकांनी लिहिलेलीच निवडलीत. प्रोड्यूसर जो हेन्रीने मागचं वाजवणं अगदी आटोपशीर ठेवलंय, कुठेही आवाजावर चढत नाही.

नाशिकचा_सोलवाला:
हा झाला की 'इंटरप्रिटेशन्स' (२०१०) घे, सगळं ब्रिटिश रॉक. २००८ ला केनेडी सेंटरच्या सोहळ्यात 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा सन्मान होता, तिथे त्यांचा गिटारवादक पीट टाउनशेंड समोर बसलेला असताना हिने त्याचं 'लव्ह, रेन ओ'अर मी' गायलं, त्यानंतरचा हा अल्बम. व्हिडिओ जरूर बघ. २०१८ चा 'थिंग्ज हॅव चेंज्ड' तर पूर्ण बॉब डिलनच्या गाण्यांचा, पण माझ्या मते २००५ चाच सरस, बाकीच्यांत एखादं गाणं तिच्या गळ्यात नीट बसत नाही.

सूरवेडी:
'जॉय'वरून पुढे जाताच येत नाहीये. धास्ती गेली. तो दाबून ठेवलेला अल्बम कुठल्या नावाने शोधू?

रात्रपाळी:
'सुव्हेनिर्स'. नंतर २००६ ला 'चाइल्ड ऑफ द सेव्हंटीज' या मूळ नावानेही निघाला, त्यात त्या काळातलं बाकीचं रेकॉर्डिंगपण आहे, तोच घे.