हरिकेन: घर शंकूच्या जरासं बाहेर असेल तर काय धरून चालायचं?

टॅम्पाकर:
नॅशनल हरिकेन सेंटरच्या नकाशावर वादळाच्या मार्गाची मधली रेषा इथून, फ्लोरिडातल्या टॅम्पापासून, सव्वाशे मैलांवर आहे आणि घर शंकूच्या, म्हणजे संभाव्य मार्गाच्या रुंदावत जाणाऱ्या पट्ट्याच्या, जेमतेम बाहेर. खिडक्यांना प्लायवुड ठोकायचं की नाही, हे कशावरून ठरवावं? स्पॅगेटी नकाशे (प्रत्येक संगणकी मॉडेलच्या मार्गाची एकेक रेषा) तर दर सहा तासांनी नवीनच काहीतरी दाखवतात.

ढगवाचक:
तो शंकू फक्त वादळाच्या केंद्राचा आहे, वाऱ्यापाण्याचा नाही. गेल्या पाच वर्षांतल्या चुका मोजून तो आखतात. केंद्र त्यात राहण्याची शक्यता साधारण तीनांत दोन. २०२४ मध्ये हेलीन वादळ फ्लोरिडातल्याच पेरी गावाजवळ धडकलं, टॅम्पा बे तिथून शंभराहून जास्त मैल लांब, तरी खाडीचं पाणी घराघरांत शिरलं.
प्लायवुडसाठी 'ट्रॉपिकल स्टॉर्मचे (ताशी ३९ मैल किंवा जास्त) वारे कधी पोहोचतील' हा नकाशा बघा. त्यात दोन वेळा असतात, लवकरात लवकरची आणि सर्वाधिक शक्यतेची; त्यातली लवकरात लवकरची धरा. वारा तेवढा झाला की शिडीवर उभं राहून चार बाय आठची शीट धरणं अशक्य: ती शिडासारखी फुगते आणि माणसाला घेऊन खाली येते.

खारावारा:
स्पॅगेटीत 'एक्सटीआरपी' नावाची रेषा दिसली तर सोडून द्या. ती आत्ताची दिशा नुसती सरळ पुढे ओढलेली असते. जीएफएस (अमेरिकन) किंवा युरोपियन मॉडेलच्या एखाद्या रनवर, म्हणजे एका वेळच्या गणितावर, भिस्त नको; अनेक मॉडेल्सची सरासरी, म्हणजे टीव्हीसीएन, बहुधा कमी चुकते.
तुमच्या किनाऱ्याची खरी अडचण वेगळीच. वादळ दक्षिणेकडून किनाऱ्याला जवळपास समांतर वर येतं, त्यामुळे मार्ग थोडा जरी उजवीकडे कलला तरी धडकण्याची जागा कितीतरी मैल सरकते. २०२२ चं इयन आधी टॅम्पाच्या दिशेने दिसत होतं. २८ सप्टेंबरला ते पार दक्षिणेला कायो कोस्टा बेटावर आदळलं, ताशी १५० मैलांच्या वाऱ्यानिशी.

टॅम्पाकर:
मग ताकदीचा अंदाज तरी पक्का असतो का?

वायुदाब:
मार्गापेक्षा तोच जास्त दगा देतो. खोलवर गरम पाणी, वरच्या आणि खालच्या वाऱ्यांत फरक कमी आणि हवा दमट, असं जुळून आलं की २४ तासांत वारा ३५ मैलांनी किंवा त्याहून जास्त वाढतो. २०२३ मध्ये ओटिस वादळाचा वारा २४ तासांत ११५ मैलांनी वाढला आणि ते मेक्सिकोतल्या अकापुल्कोजवळ पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत आदळलं. मॉडेल्सना त्याचा सुगावाही नव्हता. म्हणून तयारी अंदाजापेक्षा एक श्रेणी वरची ठेवा.
हरिकेन सेंटरचं बुलेटिन ५ आणि ११ वाजता येतं, सकाळी आणि संध्याकाळी-रात्रीही. वॉच (वादळाची शक्यता) किंवा वॉर्निंग (वादळ अपेक्षित) लागू असेल तर मध्ये ८ आणि २ लाही. सोबतचं 'डिस्कशन' जरूर वाचा. विमानातून टाकलेल्या ड्रॉपसोंड या मोजणी-यंत्राने हवेचा किती दाब मोजला आणि अंदाजकर्त्यांना शंका कुठे आहे, हे त्यातच कळतं.
(भारतीय हवामान विभाग वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी देतो, इथे अमेरिकेत एका मिनिटाची. कोकणातल्या वादळाच्या आकड्यांशी थेट तुलना करू नका.)

ढगवाचक:
एक राहिलंच. श्रेणी फक्त वाऱ्याची असते, समुद्राच्या पाण्यासाठी स्टॉर्म सर्जचा (वादळाने किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याचा) नकाशा वेगळा. काउंटीचा (जिल्ह्याचा) इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर रिकामं करण्याच्या आदेशासाठीचा विभागही आजच शोधून ठेवा. फेमा या आपत्ती-संस्थेचा फ्लड झोन म्हणजे तो नव्हे, बरेच जण इथेच फसतात. तुमच्या झोनला आदेश आला तर खिडक्या अर्ध्या राहिल्या तरी निघा.