मदत हवी आहे: वन-क्लिक अ‍ॅपने रूट केलेला फोन पूर्ववत करायचाय, पण आतला दुधाचा हिशेब जाता कामा नये

रानजाई

नमस्कार मंडळी. फोन माझ्या वडिलांचा, अण्णांचा आहे. अँड्रॉइड ६.०, मीडियाटेकची चिप, आतली जागा ८ जीबी. अण्णा गावात दूध संकलन केंद्र चालवतात. सकाळ-संध्याकाळ कोणाचं किती लिटर, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) किती, हे सगळं ते फोनमधल्या एका छोट्या अ‍ॅपमध्ये भरतात. दर दहा दिवसांनी त्यावरूनच बिलं निघतात आणि त्यातून पेंडीचे पैसे आणि उचल वजा होते. ते अ‍ॅप आता प्ले स्टोअरवर नाही. ज्याने बनवलं त्याचा पत्ता लागत नाही. आणि त्यात बॅकअपचं किंवा एक्सपोर्टचं बटणच नाही.

फोनमध्ये जागा उरत नव्हती म्हणून मध्यंतरी तालुक्याच्या एका दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने कंपनीची नको असलेली अ‍ॅप काढण्यासाठी कुठल्याशा वन-क्लिक अ‍ॅपने फोन रूट करून दिला, म्हणजे फोनवरचे सगळे अधिकार खुले केले. जागा खरंच झाली. पण तेव्हापासून लॉक उघडलं की आधी जाहिरात येते. आम्ही न घेतलेली 'क्लीनर' आणि 'बॅटरी सेव्हर' अ‍ॅप आपोआप बसतात, काढली तरी फोन चालू-बंद केल्यावर परत दिसतात. आणि बँकेचं अ‍ॅप 'हे उपकरण रूट केलेलं आहे' एवढं सांगून बंद होतं. दुकानात परत गेलो तर "रिसेट मारा, सगळं जाईल" म्हणाले. सगळं जाईल याचीच तर भीती आहे. त्या अ‍ॅपमध्ये गावातल्या दूध घालणाऱ्या प्रत्येक घराचा हिशेब आहे आणि पुढच्या बिलाची तारीख जवळ आली आहे.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. हिशेब न गमावता रूट काढता येतं का? ते रूटचं अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं की रूट जातं का? आणि रूट गेल्यावर या फोनवर बँकेचं अ‍ॅप वापरणं सुरक्षित आहे का? माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप आणि डेटा केबल आहे. सांगाल तसं करेन, पण पायरी नीट समजावून सांगा.

चिंचोका

ताई, त्या अ‍ॅपमधली पानं एकेक करून स्क्रीनशॉट घ्या आणि मग फॅक्टरी रिसेट करा. माझा असाच फोन रिसेटने स्वच्छ झाला होता.

सोल्डरगन

ताई, कृपया रिसेट करू नका. चिंचोका, तुमच्या फोनला रूट नसेल, नुसतीच आगंतुक अ‍ॅप असतील, म्हणून काम झालं. इथे रिसेटने नेमकं उलटं होईल. हिशेब जाईल आणि रूट राहील.

कारण सांगतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या कळतील. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचा वेगळा वापरकर्ता क्रमांक मिळतो आणि एकाला दुसऱ्याच्या फाइली दिसत नाहीत. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट. त्याला मात्र सगळं खुलं असतं. वन-क्लिक साधन कर्नेलमधली (अँड्रॉइडच्या गाभ्यातली) एखादी चूक पकडून क्षणभर तो अधिकार मिळवतं, एरवी फक्त वाचता येणारं सिस्टम विभाजन (साठवणीतला खुद्द अँड्रॉइडचा भाग) लिहिण्यासाठी उघडतं आणि तिथे 'एसयू' नावाची फाइल ठेवून देतं. सोबत एक व्यवस्थापक अ‍ॅप येतं, जे 'परवानगी देऊ का?' असं विचारतं. फॅक्टरी रिसेट पुसतं ते डेटा विभाजन (तुमच्या माहितीचा भाग). सिस्टमला ते हातच लावत नाही. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही नाही असंच आहे. आयकॉन धरून अ‍ॅप काढलं तरी एसयू फाइल जागेवरच राहू शकते. परत परत उगवणारी ती अ‍ॅपही बहुधा सिस्टममध्येच जाऊन बसली असणार.

आता महत्त्वाचं. तुमच्या अ‍ॅपला बॅकअपचं बटण नाही, म्हणजे त्याचा हिशेब बाहेर काढायचा तुमच्याकडचा सगळ्यात खात्रीचा मार्ग सध्या हे रूटच आहे. म्हणून ते आत्ता काढू नका. आधी त्याचा उपयोग करून हिशेब बाहेर घ्या, लॅपटॉपवर उघडून तपासा आणि मगच रूटला हात लावा.

फोनचं वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करा. रूट चालणारा कुठलाही फाइल एक्सप्लोरर घ्या. आधी सेटिंगमध्ये जाऊन दुधाचं अ‍ॅप 'फोर्स स्टॉप' करा, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल हाती येईल. मग एक्सप्लोररमध्ये सगळ्यात वरच्या फोल्डरपासून 'डेटा', त्याच्या आत पुन्हा 'डेटा', आणि तिथे त्या अ‍ॅपच्या नावाचं फोल्डर शोधा. नाव टिंबं घातलेलं लांबलचक असेल. रूटची परवानगी मागितली की द्या. आत 'डेटाबेसेस' नावाचं फोल्डर असतं, पण तुम्ही अ‍ॅपचं सगळं फोल्डरच मेमरी कार्डवर कॉपी करा. कॉपीच करा, कट नको. डेटाबेसच्या नावापुढे 'जर्नल' किंवा 'वॉल' लावलेल्या जोडफाइली असतात, त्या मागे ठेवू नका, शेवटच्या नोंदी कधीकधी त्यांच्यातच असतात.

अ‍ॅप प्ले स्टोअरवर नाही म्हणताय, तर त्याची एपीके (ते बसवायची मूळ फाइल) पण घेऊन ठेवा. 'डेटा'च्या आत 'अ‍ॅप' नावाचं फोल्डर आहे, तिथे 'बेस' नावाने ती असते.

मग मेमरी कार्ड लॅपटॉपला लावा आणि 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' हा फुकट प्रोग्राम घ्या. अशा अ‍ॅपचा हिशेब बहुतेक वेळा एसक्यूलाइटच्या फाइलीत असतो. त्यात तक्ते दिसतील, ते सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) करून एक्सेलमध्ये उघडता येतात. एवढं झालं की कळवा. तोवर फोन रिस्टार्टसुद्धा करू नका, काही साधनांचं रूट रिस्टार्टनंतर टिकत नाही.

पाऊलवाट

टायटॅनियम बॅकअप हे बॅकअपचं अ‍ॅप का नको? आम्ही तेच वापरायचो.

सोल्डरगन

तो चांगलाच आहे, पण त्याने घेतलेला बॅकअप परत भरायला दुसऱ्या फोनलाही रूट लागतं. ताईंना नेमकं तेच नको आहे. जोडीला एडीबीने (केबल लावून संगणकातून फोनला आज्ञा द्यायचं साधन) त्या एका अ‍ॅपचा बॅकअप घेऊन ठेवायला हरकत नाही. त्याला रूट लागत नाही आणि साध्या फोनवर तो परत भरता येतो, मात्र अ‍ॅप बनवणाऱ्याने ते बंद केलेलं नसावं लागतं. नवा फोन अँड्रॉइड १४ किंवा पुढचा असेल तर अँड्रॉइड ६.०च्या आधीच्या काळासाठी बांधलेली अ‍ॅप तो सरळ बसू देत नाही, हेही ध्यानात असू द्या. म्हणून माझा भर सीएसव्हीवर आहे. आकडे एकदा एक्सेलमध्ये आले की अण्णा कुठल्याच अ‍ॅपच्या भरवशावर राहणार नाहीत.

उंबरठा

सोल्डरगन यांनी हिशेबाचं सांगितलं, मी तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण पैशाचा मामला आहे.

रूट काढलं की बँकेचं अ‍ॅप बहुधा उघडेल. पण या फोनवर ते वापरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. वन-क्लिक साधन ज्या भोकातून आत शिरलं ते भोक रूट काढल्याने बुजत नाही. २०१४ साली जॉर्ज हॉट्झ या हॅकरने टॉवेलरूट काढलं. कर्नेलमधल्या फ्युटेक्स नावाच्या भागातली चूक वापरून ते एका बटणावर रूट करायचं. लोकांना नवल वाटलं होतं. पण तीच चूक एखाद्या खोडसाळ अ‍ॅपलाही वापरता येत होती, आणि तीही बटण न दाबता. २०१६ मध्ये उघड झालेली 'डर्टी काऊ' ही चूक तर २००७ पासून लिनक्समध्ये होती. त्याच वर्षी चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने हमिंगबॅड नावाच्या अ‍ॅपटोळीची माहिती दिली. फोन गुपचूप रूट करायचे, जाहिराती दाखवायच्या आणि न मागता अ‍ॅप बसवायची, हाच तिचा धंदा. सर्वाधिक बाधित फोन असलेल्या देशांत चीनच्या खालोखाल भारताचा नंबर होता. ताई, तुम्ही सांगितलेली लक्षणं त्याच जातीची आहेत. तुमच्या फोनमध्ये नेमकं कोणतं अ‍ॅप घुसलंय ते इथून सांगता येणार नाही, पण ज्याला रूट मिळालं त्याला ओटीपीचे एसएमएसही वाचता येतात.

सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडलं की 'अँड्रॉइड सिक्युरिटी पॅच लेव्हल' दिसेल. अँड्रॉइड ६.०च्या फोनवर ती तारीख फार जुनी असणार आणि आता ती पुढे सरकणार नाही.

म्हणून आजच करा: अण्णांच्या बँकेच्या अ‍ॅपचा पिन आणि यूपीआय पिन दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. त्यासाठी सिम त्या फोनमध्ये घालावं लागेल, कारण यूपीआयची नोंदणी सिमवरून एसएमएस पाठवूनच होते. ईमेलचा पासवर्डही बदला. खात्यात अनोळखी व्यवहार दिसला तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पाऊलवाट

थोडं अवांतर. माझ्याकडे जुना सॅमसंग आहे, ओडिन या संगणकावरच्या प्रोग्रामने रूट केला होता. मूळ फर्मवेअर (कंपनीचं सॉफ्टवेअर) टाकलं तर सिक्युअर फोल्डर (खासगी फाइलींचा कुलूपबंद कप्पा) परत चालू होईल का?

सोल्डरगन

नाही. नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा) वॉरंटी बिट, म्हणजे छेडछाडीची खूण, एकदा ०x१ झाला की तो कायमचा, तो फ्यूज हार्डवेअरमध्येच जळतो. फर्मवेअर कितीही वेळा टाका, सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंग पे त्या फोनवर परत येत नाहीत. बाकी फोन ठणठणीत चालेल. ताईंच्या फोनला हा प्रश्न नाही.

रानजाई

सोल्डरगनदादा, उंबरठादादा, दोघांचे मनापासून आभार. पिन बदलून झाले, सिम आता माझ्या फोनमध्ये आहे. खात्यात गैर काही दिसलं नाही.

फोल्डर सापडलं. डेटाबेस उघडला आणि आत उत्पादक, संकलन, उचल असे वेगवेगळे तक्ते निघाले. सगळे सीएसव्ही केले. नावं देवनागरीत होती, ती एक्सेलमध्ये आधी चौकोन-चौकोन दिसत होती. सरळ डबल-क्लिक न करता डेटा मेनूतून फाइल आत घेतली आणि यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत निवडली, मग नीट आली. एकच अडलंय: तारखेच्या रकान्यात तारीखच नाही, तेरा आकडी संख्या आहे.

रूट काढायचं आता सांगा.

सोल्डरगन

फार चांगलं झालं. ती फाइल पेनड्राइव्हवर आणि ईमेलवर दोन्हीकडे ठेवा, मग पुढे जा.

आधी साधनाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये रूट काढायचा पर्याय शोधा. सुपरएसयूमध्ये त्याला 'फुल अनरूट' म्हणतात, किंगोरूटच्या संगणकावरच्या आवृत्तीत 'रिमूव्ह रूट' असतं. बाकीच्यांतही बहुधा असं काही असतं. 'रूटचा बॅकअप ठेवू का' असं विचारलं तर नको म्हणा. फोन रिस्टार्ट करा आणि रूट चेकरने तपासा. एवढ्यावर थांबू नका, फाइल एक्सप्लोररमधून सिस्टमच्या आत 'बिन' आणि 'एक्सबिन' या दोन्ही फोल्डरांत एसयू राहिली आहे का ते बघा. काही साधनं आपल्या फाइली पुसता येऊ नयेत अशी खूण त्यांच्यावर लावून ठेवतात.

माझा अंदाज, तुमच्याकडे जाहिरातींची अ‍ॅप तरीही राहतील. मग मूळ फर्मवेअर टाकणं हाच खरा इलाज. आणि इथे घाई करू नका. अबाउट फोनमधला बिल्ड नंबर लिहून घ्या आणि अगदी त्याच नंबरचं फर्मवेअर मिळवा. मॉडेलचं नाव तेच असूनही आतला बोर्ड वेगळा असलेले फोन या चिपमध्ये भरपूर आहेत. एसपी फ्लॅश टूल या मीडियाटेक फोनवर फर्मवेअर टाकायच्या प्रोग्राममध्ये स्कॅटर फाइल (फर्मवेअरसोबत येणारा विभाजनांचा नकाशा) उघडा, वरती 'डाउनलोड ओन्ली' आहे याची खात्री करा आणि यादीत फक्त 'बूट' आणि 'सिस्टम' यांच्यावर टिक ठेवा. प्रीलोडरची (फोन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामची) टिक काढा, चुकीचा प्रीलोडर गेला तर फोन मरतो. 'फॉर्मॅट ऑल' निवडू नका. त्याने एनव्हीरॅम पुसली जाते, तिच्यात आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) असतो, आणि तो गेला की सिमला नेटवर्क मिळत नाही. मग कोणीतरी दुकानात दुसराच नंबर टाकून देतो, जो २०२३च्या दूरसंचार कायद्याखाली गुन्हा आहे. सुरुवात करण्यापूर्वी *#०६# दाबून दोन्ही नंबर कागदावर उतरवून ठेवा.

हे लॅपटॉपवर जमेल असं वाटत नसेल तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात 'मूळ सॉफ्टवेअर टाकून द्या' एवढंच सांगा. हिशेब बाहेर आलाय, आता तिथे फोन पूर्ण पुसला गेला तरी चिंता नाही.

तेरा आकड्यांचं सोपं आहे. ते १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद आहेत. एक्सेलमध्ये त्या संख्येला ८६४००००० ने भागा, त्यात २५५६९ मिळवा, शिवाय ५.५ भागिले २४ मिळवा आणि रकान्याला तारखेचं स्वरूप द्या. साडेपाच तास मिळवायला विसरू नका. नाहीतर पहाटे साडेपाचच्या आत घातलेलं दूध आदल्या दिवशी पडेल आणि दहा दिवसांच्या बिलाच्या कडेला गोंधळ होईल.

रानजाई

अगदी तेच होत होतं! आमच्याकडे संकलन पहाटे पाचलाच सुरू होतं, त्यामुळे पहिल्या काही घरांचं दूध एक दिवस मागे दिसत होतं. साडेपाच तास मिळवल्यावर तारखा जाग्यावर आल्या. मागच्या बिलाची बेरीज अण्णांनी वहीशी पडताळली, उचल आणि पेंडीसकट जुळली. या वेळची बिलं एक्सेलमधूनच काढतोय.

साधनातल्या पर्यायाने रूट गेलं, 'एक्सबिन'मध्येही एसयू नाही. तुम्ही म्हणालात तशी जाहिरातीची अ‍ॅप मात्र अजून आहेत. आयएमईआय लिहून घेतलेत. फ्लॅशचं काम मी स्वतः करणार नाही, बिलं वाटून झाली की फोन सेवा केंद्रात देणार आहे. बँकेचं अ‍ॅप आता माझ्याच फोनवर राहील.

चिंचोका

ताई, सेवा केंद्रात देताना मेमरी कार्ड काढून घ्या.