पार्किन्सन, पीएसपी की एमएसए? सुरुवातीच्या काळात कोणतं स्कॅन कामाला येतं?

न्यूरो_ओपीडी
एका रुग्णाबद्दल: पार्किन्सन, की त्यासारखेच दिसणारे पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी) किंवा एमएसए (मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी)? लक्षणं दीड वर्षापासून. ताठरपणा, मंद हालचाली, कंप नाही. पहिल्याच वर्षात मागे तोल जाऊन पडणं सुरू झालं. लेव्होडोपाचा (पार्किन्सनचं मुख्य औषध) फरक जेमतेम. एमआरआयच्या रिपोर्टात 'वयानुरूप बदल' एवढंच. पुढे ट्रोडॅट (डोपामाइन ट्रान्सपोर्टर दाखवणारं न्यूक्लियर स्कॅन) सांगावं का? की याच एमआरआयमधून आणखी काही निघेल? कोणती मापं घ्यायची आणि ती कुठे चुकतात, हेही सांगा.

मिडसॅजिटल
ट्रोडॅटची घाई नको. स्ट्रायटममधले (मेंदूच्या आतला, हालचाली सांभाळणारा भाग) डोपामाइन ट्रान्सपोर्टर घटलेत की नाही, एवढंच ते सांगतं, आणि ते या तिन्ही आजारांत घटतात. एसेन्शियल ट्रेमर (मुख्यतः कंपाचा आजार) किंवा औषधांमुळे आलेला पार्किन्सनिझम वेगळा काढायचा असेल तर ते उत्तम. इथला प्रश्न तो नाही.

आधी एमआरआयची ३डी टी१ (१ मिमी) मालिका उघडा आणि मापं स्वतः घ्या. 'विशेष काही नाही' असा रिपोर्ट बऱ्याचदा न मोजता, नजरेनेच दिलेला असतो. अचूक मध्यरेषेची काप निवडा. ॲक्विडक्ट (मिडब्रेनमधून, म्हणजे मेंदूच्या देठाच्या वरच्या भागातून, जाणारी द्रवाची बारीक नळी) एकाच कापेत वरपासून खालपर्यंत दिसला पाहिजे. डोकं तिरकं असेल तर मिडब्रेनच्या बाजूचा जाड सेरेब्रल पेडंकल कापेत शिरतो, मिडब्रेन फुगलेला दिसतो आणि पीएसपी हातची निसटते. म्हणून आधी रिफॉर्मॅट करून डोकं सरळ करा.

पॉन्सच्या (मिडब्रेनखालचा फुगीर भाग) वरच्या खाचेपासून क्वाड्रिजेमिनल प्लेटच्या (मिडब्रेनची मागची बाजू) खालच्या कडेपर्यंत रेघ ओढा. रेघेच्या वर, ॲक्विडक्टच्या पुढचा भाग म्हणजे मिडब्रेन. पॉन्सच्या खालच्या खाचेतून तिला समांतर दुसरी रेघ काढा. या दोहोंमधला, चौथ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतली द्रवाची पोकळी) पुढचा भाग म्हणजे पॉन्स. मिडब्रेन निरोगी माणसात साधारण १०० ते १२० चौ. मिमी असतो, पीएसपीत बहुधा ७० च्या खाली.

नुसत्या क्षेत्रफळावर थांबू नका, एमआरपीआय (मॅग्नेटिक रेझोनन्स पार्किन्सनिझम इंडेक्स) काढा: (पॉन्स ÷ मिडब्रेन) × (मिडल पेडंकलची रुंदी ÷ सुपिरियर पेडंकलची रुंदी). हे पेडंकल म्हणजे मेंदूच्या देठाला लहान मेंदूशी जोडणारे पट्टे; रुंदी दोन्ही बाजूंची सरासरी घ्यायची. समजा पॉन्स ५२०, मिडब्रेन ६५, पेडंकल ९ आणि ३ मिमी. उत्तर २४. साधारण १३.५ च्या वर गेलं की पीएसपीकडे कल. सुपिरियर पेडंकल इतका बारीक असतो की अर्ध्या मिमीची चूक आकडा बराच हलवते. मोजणी दोघांनी वेगवेगळी करावी हे बरं.

एक सापळा: एनपीएचमध्येही (नॉर्मल प्रेशर हायड्रोकेफलस, मेंदूत द्रव साठण्याचा आजार) मिडब्रेन दबून आकडा वाढतो. व्हेंट्रिकल मोठे असतील तर आधी तिकडे बघा.

टी२_वाचक
वरच्या मापांशी सहमत. एमएसएबद्दल थोडी भर. तिथे एमआरपीआय उलट घसरतो, कारण पॉन्स आणि मिडल पेडंकल आक्रसतात. पॉन्समधली 'हॉट क्रॉस बन' खूण (फुलीसारखी पांढरी रेघ) बहुतेकदा उशिरा दिसते, आणि काही स्पायनोसेरेबेलर अटॅक्सियांतही (तोल बिघडवणारे आनुवंशिक आजार) मिळते. पुटामेनच्या (स्ट्रायटमचा बाहेरचा भाग) बाहेरच्या कडेची बारीक पांढरी रेघ ३ टेस्लावर निरोगी माणसातही असते. नुसत्या तिच्यावरून एमएसए लिहू नये. पुटामेन चपटं आणि एसडब्ल्यूआयवर (लोह ठळक दाखवणारी एमआरआय मालिका) काळं झालं असेल तर मात्र वजन द्या.

एसडब्ल्यूआयवर 'स्वॅलो टेल' (मिडब्रेनमधल्या सब्स्टँशिया नायग्राची दुभंगलेल्या शेपटीसारखी खूण) गेलेली दिसली की लोक थेट पार्किन्सन लिहून मोकळे होतात. हे चूक. ती पीएसपी-एमएसएतही जाते. शिवाय डोकं हललं तरी पुसट होते.

न्यूरो_ओपीडी
आभार. मोजून मिडब्रेन ८५ आला, एमआरपीआय १२. ना धड इकडे, ना धड तिकडे. रुग्ण बुप्रोपिऑनवर (नैराश्यावरचं औषध) आहे.

मिडसॅजिटल
सुरुवातीला असे अधलेमधले आकडे येतातच. १२ ला पीएसपी बाद होत नाही. आता एफडीजी-पेट (मेंदू ग्लुकोज किती वापरतो ते दाखवणारं स्कॅन) सांगा. पेशींचा ऱ्हास आकारात दिसण्याआधी ग्लुकोजच्या वापरात दिसू शकतो. मध्यरेषेजवळचा फ्रंटल भाग, कॉडेट (स्ट्रायटमचा आतला भाग) आणि मिडब्रेन मंद असेल, म्हणजे ग्लुकोज कमी घेत असेल, तर पीएसपी. पुटामेन आणि लहान मेंदू मंद असेल तर एमएसए. पार्किन्सनमध्ये पुटामेन टिकून असतं. ४ ते ६ तास उपाशीपोटी, आधी साखर तपासून. ट्रेसर दिल्यावर अंधाऱ्या, शांत खोलीत बसवा, बोलू देऊ नका, नाहीतर कॉर्टेक्सचं चित्र बदलतं.

बुप्रोपिऑन ट्रान्सपोर्टरलाच चिकटतं, म्हणून पुढेमागे ट्रोडॅट करायचंच ठरलं तर आठवडाभर आधी ते थांबवावं लागेल, आणि तेही मानसोपचारतज्ज्ञांशी बोलूनच.

टी२_वाचक
पार्किन्सन विरुद्ध एमएसए अशी कोंडी उरली तर हृदयाचं एमआयबीजी (हृदयाच्या सिंपथेटिक नसा दाखवणारं स्कॅन). पार्किन्सनमध्ये ग्रहण घटतं, एमएसएत बहुधा टिकतं. मधुमेही न्यूरोपथी, हार्ट फेल्युअर किंवा ट्रायसायक्लिक (नैराश्यावरची एक जात) औषधं असतील तर निकालावर भरवसा नको. एमआरआय वर्षभराने पुन्हा करा, त्याच मशीनवर, त्याच प्रोटोकॉलने.