डिलिव्हरीसाठी छोटा टेम्पो: सीएनजी की डिझेल?

हडपसरच्या गोडाऊनमधून पुण्यात किराणा पोचवायचा आहे. रोज ७०-८० किमी, २५-३० थांबे, माल ५००-६०० किलो. महिन्यातून दोनदा सातारा. काय घ्यावं?

उत्तर १
सीएनजीच घ्या. बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) डिझेलचं खरं दुखणं म्हणजे डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साठलेली काजळी जाळायला सायलेन्सर बराच वेळ सलग तापावा लागतो. दर दोन-तीन किमीला गाडी बंद केली की ते काम अर्धवट राहतं, फिल्टर चोक होतो, डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो आणि पिकअप पडतो. दिवा लागला तर हायवेवर वीसेक मिनिटं एका वेगात चालवा. दुर्लक्ष केलंत तर गॅरेजची वारी ठरलेली.

उत्तर २
सहमत, पण गॅस सिलिंडरचं वजन पेलोडमधून (गाडी जेवढा माल नेऊ शकते त्यातून) जातं. ब्रोशरमधला डिझेलचा आकडा धरू नका, सीएनजी मॉडेलचा वेगळा बघा. साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकी घाटात भरल्या गाडीला गिअर लवकर उतरवावा लागेल. प्लग आणि एअर फिल्टर वेळेवर बदला, नाहीतर मिसफायर, म्हणजे इंजिन झटके देतं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) दर ३ वर्षांनी. गाडीवरच्या टेस्टच्या प्लेटवरची तारीख संपली असेल तर पंपावर गॅस मिळत नाही.

प्रश्नकर्ता
पंपावरच्या रांगेचं काय?

उत्तर २
पहाटे किंवा रात्री उशिरा भरा. भरताना मीटरवर २०० बारच्या आसपास दाब हवा. गर्दीत तो पडतो, मग टाकी अर्धवट भरते आणि दुपारी पुन्हा रांग! गॅस संपला तर अडायला नको म्हणून पेट्रोलची राखीव टाकी असलेलं मॉडेल बघा.