आरएक्स १०० चा धूर काही जाईना

बाबांची १९९२ ची यामाहा आरएक्स बाईक, पार्किंगमध्येच इंजिन उघडून बांधलं, नवीन पिस्टन, बोअर, टाकीला काळा रंग, पण सुरू केली की पांढरा धूर, शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. इंजिनला ऑइल पुरवणारा टू-टी पंप कमी केला तरी तेच.

> पंप आधी कंपनीच्या मार्कवर आण बाबा, ऑइल कमी पडून नवा पिस्टन जाम करशील! गिअर ऑइल काढून मोज. कमी निघालं तर क्लचकडचं क्रँक सील (गिअर ऑइल इंजिनात जाऊ न देणारी रबरी रिंग) गेलंय, ऑइल आत ओढून जाळतीये.

> सायलेन्सरची आतली नळीपण बघ, जुनं ऑइल साचलेलं असतं.

> मोजलं, बरंच कमी निघालं 😭 सील जुनंच ठेवलं होतं, दीडशे रुपये वाचवायला. मागची चेसिस कापून कॅफे रेसर (जुन्या रेसिंग बाईकसारखा लूक) करू का?

> चेसिसला हात लावू नकोस, सीट-हँडल काय ते बदल.