गावातलं चर्च आणि शाळा, दोन्ही सोबतच का ओस पडतात?

प्रश्न:
मी शिकलो ती शाळा चर्चच्या आवारातच होती, घंटापण दोघांची एकच. परवा खूप वर्षांनी गेलो तर शाळेला कुलूप, आणि उपासना महिन्यातून एकदाच, तीही सात-आठ म्हाताऱ्या माणसांसाठी. पाळकांकडे चार गावं आहेत, त्यांना तरी काय बोलणार. आधी काय तुटलं, शाळा की चर्च? आणि आता काही करता येतं का? मनातून जातच नाहीये.

उत्तर १:
बहुतेक ठिकाणी आधी शाळाच जाते. शेतीत माणसं कमी लागायला लागली की तरुण जोडपी बाहेर पडतात, मग पहिलीत पोरंच येत नाहीत, मग दोन वर्ग एकत्र, मग एकच शिक्षक, आणि ते बघून उरलेले आईबापपण पोरं मोठ्या गावात घालतात, की पट अजून खाली. अमेरिकेत १९१० च्या दशकात एका खोलीच्या शाळा जवळपास २ लाख होत्या, रस्ते आणि स्कूल बस आल्यावर त्या मोठ्या शाळांत विलीन होत गेल्या. आणि शाळा गेली की रविवारी येणारी लहान कुटुंबंही जातात. बाप्तिस्मे थांबतात, नुसते अंत्यविधी उरतात. हे लिहितानाही वाईट वाटतं.

उत्तर २:
इमारत वाचवता येते हो, पोरं नसली तर शाळा नाही वाचत. इंग्लंडमध्ये चर्चने १८११ मध्ये नॅशनल सोसायटी काढली ती शाळा काढायलाच, म्हणून तिकडे गावोगाव दोन्ही शेजारी दिसतात. आता तिथे कोणी नसलेल्या चर्चसाठी 'फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस' ही संस्था आहे, १९५७ पासूनची, ती अशी ६० हून जास्त चर्च सांभाळते. शाळेसाठी मात्र बंद व्हायच्या आधीच उठावं लागतं. स्कॉटलंडच्या २०१० च्या कायद्यात ग्रामीण शाळा बंद करण्याआधी दुसरा पर्याय, गावावर होणारा परिणाम आणि पोरांचा प्रवास, तिन्हीचा विचार करावाच लागतो. मला हे फार योग्य वाटतं, गावाला निदान विचारलं तरी जातं.

उत्तर ३:
तुमच्याकडे कुलूप लागलंच आहे, तर आधी छप्पर बघा, पाणी आत शिरलं की भिंती पटकन जातात. आणि बाप्तिस्म्याची, लग्नाची रजिस्टरं, शाळेचे हजेरीपट कुठे आहेत ते पाळकांना विचारा, वाळवी लागायच्या आत फोटो काढून ठेवा. त्या सात-आठ जणांशी बोला, कोण कुठल्या बाकावर बसायचं हे त्यांनाच माहितीये.

प्रश्नकर्ता:
रजिस्टरांचं डोक्यातच नव्हतं आलं. पुढच्या उपासनेला जातोय, पाळकांशी बोलतो.