मदत हवी आहे : एकच पैठणी दोन ग्राहकांना विकली जात आहे

नमस्कार. नाशिकमधील आमच्या छोट्या दुकानात येवल्याच्या विणकरांकडून आलेल्या पैठण्या असतात आणि त्या ऑनलाइन विकण्यासाठी मी पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा व मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून संकेतस्थळ तयार करीत आहे. हातमागावरची प्रत्येक पैठणी वेगळी असल्यामुळे तिची शिल्लक 1 एवढीच असते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे: दोघांनी जवळजवळ एकाच क्षणी खरेदी केल्यास दोघांनाही शिल्लक 1 दिसते व दोन्ही ऑर्डर नोंदल्या जातात. (हे चाचणीतच लक्षात आले, म्हणून बरे.) डेटाबेसमधील साड्यांचे टेबल मायआयसॅम या साठवणुकीच्या प्रकारचे होते, त्यात ट्रान्झॅक्शनची (अनेक बदल एकत्र, सगळे होतील किंवा एकही नाही अशा रीतीने करण्याची) सोय नसल्याने ते ती सोय असलेल्या इनोडीबी प्रकारात बदलले. आता ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ या क्वेरीने (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेने) त्या साडीची ओळ लॉक करावी, म्हणजे ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत ती दुसऱ्याला बदलता येणार नाही, की ‘शिल्लक 0 पेक्षा जास्त असेल तरच 1 ने कमी करावी’ अशी एकच अपडेट क्वेरी चालवून किती ओळी बदलल्या ते तपासावे? मला दुसरा मार्ग सोपा वाटतो. मात्र यूपीआयने पैसे भरेपर्यंत काही मिनिटे जातात आणि तेवढा वेळ ट्रान्झॅक्शन उघडे ठेवणे बरोबर नाही. म्हणून राखीव मुदतीचा वेगळा कॉलम ठेवून साडी 10 मिनिटे अडवून ठेवावी का, आणि मुदत उलटल्यावर पैसे जमा झाले तर त्या ऑर्डरचे काय करावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.